सिग्नल गेला, शेअर आला

(दृश्य: धावत्या गाडीच्या खिडकीतून ज्वारीची शेतं, मागे सरकणारी छोटी स्टेशनं.)

दौंड-सोलापूर मार्गावर ज्यांचा जन्म गेला, त्यांना क्रॉसिंग म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. मार्ग एकेरी होता तेव्हा जेऊर, पारेवाडी, जिंती अशा कुठल्याही स्टेशनात गाडी निवांत उभी राहायची. कुणीतरी विचारायचं, "का थांबली ओ?" पलीकडच्या बाकावरून उत्तर यायचं, "क्रॉसिंग हाय." मग डबे उघडायचे, कडक भाकरी निघायची, शेंगाचटणी निघायची. समोरून मेल धडधडत गेली की आपली गाडी हलायची.

हे आधी सांगायचं कारण असं, की आज आपण एका कॉम्प्युटर गेमबद्दल बोलणार आहोत, आणि त्या गेमचा पहिला भाग या क्रॉसिंगवरच उभा आहे.

(दृश्य: जुन्या गेमचा पडदा. वरून पाहिलेला नकाशा, मुंगीएवढ्या गाड्या.)

'रेलरोड टायकून'. साल १९९०, कंपनी मायक्रोप्रोज, कर्ता सिड मायर, जोडीला ब्रूस शेली. तुम्ही रेल्वे कंपनीचे मालक. रूळ टाकायचे, स्टेशनं बांधायची, इंजिनं घ्यायची, कोळसा, टपाल, प्रवासी वाहून पैसे कमवायचे. गाड्या जास्तीत जास्त ३२, एका गाडीला जास्तीत जास्त ८ डबे. चित्रं आज पाहिली तर हसू येईल.

पण त्यात एक पर्याय होता, गाड्यांचं नियंत्रण स्वतःकडे घेण्याचा. तो निवडला की एकेरी रुळाच्या एका ब्लॉकमध्ये, म्हणजे दोन सिग्नलांमधल्या तुकड्यात, एकच गाडी. मध्ये सिग्नल टॉवर उभारून ब्लॉक लहान करता यायचे. सिग्नलवर क्लिक करून गाडी रोखता यायची, नाहीतर नियम डावलून पुढे काढता यायची. डावललं आणि अंदाज चुकला, तर दोन गाड्या समोरासमोर. दुसऱ्या रुळाला पैसे नाहीत, पहिल्यावर गाड्या मावत नाहीत. रेल्वेत याच पेचावर माणसं पगार घेतात. पर्याय बंद ठेवून निवांत खेळायचीही सोय होती, पण त्यात मजा ती काय?

आपल्याकडे एकेरी मार्गावर पूर्वी चालकाच्या हाती टोकन द्यायचे. वेताच्या मोठ्या कड्याला चामड्याची पिशवी, पिशवीत लोखंडी गोळा. गोळा हाती आल्याशिवाय पुढच्या ब्लॉकमध्ये जायचं नाही. एका वेळी एकच गोळा बाहेर, म्हणून एका वेळी एकच गाडी. १९९०च्या त्या गेमला गोळा माहीत नव्हता, पण त्यामागचा विचार पक्का माहीत होता.

(दृश्य: दुसरा भाग. डोंगर, पूल, धूर सोडणारं इंजिन.)

१९९८ साली 'रेलरोड टायकून २' आला. यावेळी बनवणारे दुसरे, अमेरिकेतल्या मिझुरी राज्यातले पॉपटॉप सॉफ्टवेअर. दिसायला फारच सुधारलेला. डोंगर डोंगरासारखा दिसतो, चढावर इंजिन दमतं. पाणी, वाळू, तेल संपत येतं, म्हणून वाटेत टाक्या आणि शेड बांधावी लागते. ३२ गाड्यांची मर्यादा गेली.

आणि सिग्नलही गेले. एकेरी रुळावर दोन गाड्या समोरासमोर आल्या, तर एक जरा थांबते आणि दुसरी तिच्या अंगातून आरपार निघून जाते. भुतासारखी! थांबण्यात वेळ जातो एवढीच काय ती शिक्षा. सोलापूरच्या माणसाला हे पाहून हसावं की रडावं कळत नाही.

(दृश्य: शेअर बाजाराचा पडदा.)

मग दुसऱ्या भागानं दिलं काय? पैशाचं राजकारण. इथे कंपनीची तिजोरी वेगळी आणि तुमचा खिसा वेगळा. स्वतःच्या पैशानं शेअर घ्या, उधारीवर घ्या, प्रतिस्पर्ध्याचा भाव पडणार वाटलं तर हातात नसलेले शेअर आधीच विकून टाका. चालता कारखाना विकत घ्या. पहिल्या भागातही शेअर होते, पण ते तोंडी लावण्यापुरते.

ही सुधारणा लहान समजू नका. रेल्वे रुळांआधी कागदावर बांधली जाते, आणि आपलीही तशीच बांधली गेली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे ही लंडनच्या भागधारकांची कंपनी. ईस्ट इंडिया कंपनीनं त्यांना भांडवलावर ५ टक्के परताव्याची हमी दिली होती. रेल्वे नफ्यात चालो न चालो, ५ टक्के ठरलेले, आणि कमी पडले तर भरायचे इथल्या महसुलातून. अशा हमीवर पैसा उभा राहिला आणि १८६० साली रूळ सोलापुरात पोचले. गंमत अशी, की तेव्हा बोरघाट पुरा झालाच नव्हता. ३७ फुटांमागे १ फूट चढणारा तो घाट १८६३ साली सुरू झाला. म्हणजे सोलापूरहून पुण्याला आगगाडी, पण पुढे घाट उतरायला गाडी नाही. पुढे १८७७ साली सोलापुरात पहिली कापड गिरणी उभी राहिली, जिला गाव आजही जुनी मिल म्हणतं. आधी रूळ, मग गिरणी. दुसऱ्या भागात कापसाच्या मुलखात रूळ टाकून नंतर गिरणी खरेदी करताना हा क्रम आपोआप डोळ्यांपुढे येतो. पहिल्या भागात तो कधी जाणवत नाही.

मला विचाराल, तर गेम म्हणून दुसरा सरस. रात्री झोप उडवतो. पण त्यात तुम्ही मालक असता, रेल्वेवाले नसता. कुठली गाडी थांबवायची, कुठली सोडायची हे ठरवणाऱ्या सेक्शन कंट्रोलरची खुर्ची पहिल्या भागातच राहिली.

२००३चा तिसरा भाग तर आणखी पुढे गेला. माल भाव पाहून स्वतःच नकाशावर सरकत राहतो, तुमच्या गाडीची वाटही पाहत नाही. अर्थशास्त्र म्हणून हुशार, पण वाहतूक बघायला बसलेल्या माणसाला जरा पोरकं वाटतं.

(दृश्य: कुर्डुवाडी जंक्शन.)

दुसऱ्या भागासोबत नकाशे तयार करायचं साधन मिळतं, आणि हौशी माणसाला आपला मुलूख त्यात उतरवावासा वाटतोच. पुणे-सोलापूर जमून जाईल. दर वर्षाअखेर कंपनीच्या खात्यात रक्कम टाकणारी घटना लिहिली, की ५ टक्क्यांची हमीसुद्धा साधता येईल.

अडेल ते कुर्डुवाडीला. इथून १८९७ साली बार्शी लाइट रेल्वे सुटली, इंग्रज इंजिनिअर एव्हरार्ड कॅल्थ्रॉप यांची. रूळ अडीच फुटी, एका आसावर भार ५ टनांचा. पुढे ती पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत गेली, १९५४ साली सरकारजमा झाली. तिचे डबे ब्रॉडगेजवर चढणं शक्य नव्हतं, म्हणून प्रत्येक गाठोडं, प्रत्येक पोतं कुर्डुवाडीला उतरवून पुन्हा भरायचं. वारकऱ्यानंही इथेच गाडी बदलायची. तिकडे होटगीला विजापूर-गदगची मीटरगेज वेगळीच होती. एकट्या सोलापूर जिल्ह्यात तेव्हा तीन मापांचे रूळ!

या मालिकेच्या तिन्ही भागांत रुळाचं माप एकच आहे. बार्शीची लाइन नकाशावर काढली, तर मुंबईची मालगाडी कुर्डुवाडीला न थांबता थेट बार्शीत जाऊन उभी राहील, आणि हमालाला एक पैसा मिळणार नाही.