धडकेनंतरचे यार्ड: अ‍ॅश्टन जेंटीचा हंगाम

[दृश्य: बॉयसीचं स्टेडियम, आकाशातून]

हे मैदान खरोखरच निळं आहे. अमेरिकेच्या वायव्येकडच्या आयडाहो राज्याची राजधानी बॉयसी. तिथल्या बॉयसी स्टेट विद्यापीठानं १९८६ मध्ये आपल्या फुटबॉल मैदानावर निळं कृत्रिम गवत अंथरलं, आणि तेव्हापासून या संघाची ओळख हीच. स्टेडियममध्ये माणसं मावतात सुमारे ३६ हजार. अमेरिकी कॉलेज फुटबॉलच्या बड्या घराण्यांकडे लाखभर प्रेक्षकांची स्टेडियम आहेत; त्यांच्या हिशेबात हे गाव छोटंच.

[दृश्य: क्वार्टरबॅकच्या मागे उभा असलेला जेंटी]

आता या मुलाकडे बघा. जर्सी क्रमांक २. उंची जेमतेम पावणेसहा फूट, वजन ९५ किलोच्या आसपास. चेंडू सुटण्याआधी बाकीचे रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारे खेळाडू, गुडघ्यात वाकतात, हात मांड्यांवर टेकतात. हा ताठ उभा असतो. दोन्ही हात खाली सोडलेले, नजर समोर. नाव अ‍ॅश्टन जेंटी. २०२४ च्या हंगामात या मुलानं धावून २,६०१ यार्ड काढले. देशात दुसऱ्या क्रमांकावर होता अ‍ॅरिझोना स्टेटचा कॅम स्कॅटेबू, त्याचे यार्ड १,७११. पहिल्या आणि दुसऱ्यात जवळजवळ नऊशे यार्डांचं अंतर.

ज्यांनी हा खेळ फारसा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आक्रमण करणाऱ्या संघाला दहा यार्ड, म्हणजे साधारण नऊ मीटर, पुढे सरकायला चार संधी मिळतात. क्वार्टरबॅक एकतर चेंडू लांब फेकतो, नाहीतर मागे उभ्या असलेल्या रनिंग बॅकच्या हातात देतो. हातात चेंडू आला, की समोरचे अकरा जण याला पाडायला येतात. एका धावेत सरासरी पाच यार्ड मिळाले तरी प्रशिक्षक खूश असतात. जेंटीची त्या वर्षीची सरासरी होती सात. आणि तीही ३७४ धावांमध्ये.

पण मला ज्याबद्दल बोलायचं आहे तो आकडा वेगळाच आहे. अमेरिकेत यार्ड दोन प्रकारे मोजतात: पहिल्या बचावपटूचा अंगाला हात लागेपर्यंतचे आणि हात लागल्यानंतरचे. पहिले यार्ड बरेचसे सहकाऱ्यांमुळे मिळतात. पुढची लाइन, म्हणजे त्याच्यासाठी वाट मोकळी करणारे पाच जण, दार उघडते, हा त्यातून जातो. दुसरे मात्र सर्वस्वी त्याचे स्वतःचे. कबड्डीत चढाई करणाऱ्याला तिघांनी कमरेला आणि पायाला धरलंय, आणि तरी तो त्यांना ओढत मध्यरेषेला बोट लावतो, तो क्षण आठवा. जेंटीचे त्या हंगामातले सुमारे तीन चतुर्थांश यार्ड असे आहेत: धडक बसल्यानंतरचे.

[दृश्य: संथ गतीत, दोन बचावपटू घसरून पडतात]

हे कसं जमतं? चित्रफीत थांबवून पाहिली की कळतं. त्याचं गुरुत्वमध्य खाली आहे, मांड्या जाड आहेत, हे दिसतंच. खरी गोष्ट पायांची आहे. धडक बसते त्या क्षणी बहुतेक खेळाडूंचे पाय थांबतात. शरीर आपोआप सावरायला जातं. जेंटीचे पाय त्या क्षणी जास्त वेगानं चालायला लागतात. पावलं छोटी होतात, भराभर पडतात, आणि पकडणाऱ्याच्या हातात नुसता जर्सीचा कोपरा उरतो. शिवाय धडक समोरून सरळ छातीवर तो क्वचितच घेतो. शेवटच्या अर्ध्या पावलात खांदा फिरवतो, त्यामुळे बसणारा मार अर्धाच बसतो.

[दृश्य: नेपल्सचं बंदर]

हा मुलगा घडला कुठे, ते ऐकून नवल वाटेल. जन्म २ डिसेंबर २००३, फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलचा. वडील अमेरिकी नौदलात. त्यांच्या बदलीबरोबर कुटुंब इटलीत नेपल्सला गेलं, आणि अमेरिकी तळावरच्या शाळेत या मुलानं हेल्मेट चढवलं. मॅराडोनाच्या गावात, जिथे फुटबॉल म्हणजे पायानं खेळायचा खेळ, तिथे हा अंडाकृती चेंडू काखेत धरून पळायला शिकला. पुढे कुटुंब टेक्सासमध्ये फ्रिस्को इथे आलं. टेक्सासमध्ये शालेय फुटबॉल हा धर्मासारखा पाळतात, पण तिथे येईपर्यंत याला ओळखणारे फार कमी. बड्या विद्यापीठांच्या रांगा दाराशी लागल्या नाहीत. तो बॉयसीला आला २०२२ मध्ये.

पहिल्या वर्षी ८२१ यार्ड. दुसऱ्या वर्षी, २०२३ मध्ये, १,३४७ यार्ड धावून आणि वर ५६९ यार्ड चेंडू झेलून. आता मात्र फोन वाजायला लागले. २०२१ पासून अमेरिकेतल्या कॉलेज खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावता येतात, आणि विद्यापीठ बदलणंही सोपं झालंय. बॉयसीपेक्षा कितीतरी श्रीमंत कार्यक्रमांकडे जाऊन त्याला भरपूर पैसा मिळाला असता. तो गेला नाही. ज्या संघानं कोणी विचारत नव्हतं तेव्हा विचारलं, त्याच संघात राहिला. या निर्णयाला मी त्याच्या कुठल्याही टचडाउनपेक्षा (चेंडू मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात नेऊन मिळवलेल्या गुणांपेक्षा) कमी लेखणार नाही, कारण या निर्णयाशिवाय पुढचं काहीच घडलं नसतं. त्या लाइनशी त्याची लय जुळलेली होती आणि संघ त्याच्याभोवती बांधलेला होता.

[दृश्य: ३१ ऑगस्ट २०२४, जॉर्जिया सदर्न]

हंगामाचा पहिलाच सामना. २६७ यार्ड, सहा टचडाउन. त्यातले दोन ७७ आणि ७५ यार्डांच्या धावांवर.

लोक म्हणाले, समोरचा संघ किरकोळ होता.

[दृश्य: ७ सप्टेंबर, ऑरेगनचं स्टेडियम]

पुढचा सामना ऑरेगनच्या घरी. हा तोच ऑरेगन, जो त्या वर्षी साखळीत एकही सामना हरला नाही आणि देशात पहिल्या क्रमांकावर गेला. त्यांच्यासमोर जेंटीनं १९२ यार्ड आणि तीन टचडाउन काढले. ७० यार्डांची एक धाव अशी मारली, की प्रेक्षकांचा आवाजच बसला. ऑरेगन जिंकला, ३७-३४, शेवटच्या क्षणी मारलेल्या किकवर. त्यानंतर जेंटीला मोठ्या बचावासमोर जमेल का, असं विचारायला जागा उरली नाही.

मग गाडी सुटलीच. वॉशिंग्टन स्टेटविरुद्ध २५९ यार्ड, चार टचडाउन. हवाईविरुद्ध २१७. नेवाडाविरुद्ध २०९. ऑरेगन स्टेटविरुद्ध २२६. बॉयसी ज्यात खेळतो त्या माउंटन वेस्ट विभागाच्या अंतिम सामन्यात लास व्हेगासच्या विद्यापीठाविरुद्ध पुन्हा २०९, आणि विजेतेपद. चौदा सामन्यांत असा एकही दिवस नाही ज्या दिवशी त्यानं शंभरी गाठली नाही.

[दृश्य: १९८८, बॅरी सँडर्सची जुनी चित्रफीत]

आता एक नाव घ्यावं लागेल. बॅरी सँडर्स, ओक्लाहोमा स्टेट, १९८८. अकरा सामन्यांत २,६२८ यार्ड. कॉलेज फुटबॉलमधला हा विक्रम डोंगरासारखा उभा आहे. त्या हंगामातला सँडर्सचा शेवटचा नियमित सामना चक्क टोकियोत झाला होता, आणि तिथे त्यानं ३३२ यार्ड काढले. त्या काळी हंगामानंतरच्या बोल सामन्याचे आकडे एकूण बेरजेत धरत नसत. ते धरले तर सँडर्स २,८५० वर जातो. म्हणून प्रामाणिकपणे सांगायचं तर सँडर्सचा हंगाम आजही सगळ्यांच्या वर आहे, आणि जेंटीनं विक्रम मोडला असता तरी ते बदललं नसतं.

पण तो किती जवळ पोचला ते बघा. तेरा सामन्यांनंतर २,४९७. विक्रम मोडायला हवेत १३२.

[दृश्य: ३१ डिसेंबर २०२४, फिएस्टा बोल, अ‍ॅरिझोना]

राष्ट्रीय विजेतेपदासाठीच्या, बारा संघांच्या पहिल्यावहिल्या प्लेऑफमध्ये तिसरं मानांकन मिळवून बॉयसी स्टेट उपांत्यपूर्व फेरीत उतरला. समोर पेन स्टेट. त्यांची योजना साधी आणि निष्ठुर होती: बाकी काहीही होऊ दे, या एका माणसाला मोकळं मैदान द्यायचं नाही. एकजण पकडायचा, तोवर दुसरे तिघे अंगावर यायचे. पहिल्या टॅकलमधून सुटणारा जेंटी चौथ्यातून कसा सुटणार? ३० धावा, १०४ यार्ड. चेंडूही हातातून निसटला. बॉयसी स्टेट ३१-१४ असा हरला. विक्रम २७ यार्डांनी राहिला.

या २७ यार्डांवर खूप हळहळ व्यक्त झाली. मला मात्र दोन जुने सामने आठवतात. पोर्टलंड स्टेटविरुद्ध त्यानं फक्त ११ धावांत १२७ यार्ड काढले होते. युटा स्टेटविरुद्ध १३ धावांत १८६. दोन्ही वेळा मध्यंतरापर्यंत सामना खिशात आला होता, आणि प्रशिक्षक स्पेन्सर डॅनियल्सन यांनी त्याला बाकावर बसवलं. त्यांपैकी एका दिवशी आणखी एक सत्र खेळवलं असतं, तर विक्रम तिथेच झाला असता. विक्रमापेक्षा मुलाचे गुडघे जपले, हे मला फार मोलाचं वाटतं.

[दृश्य: न्यूयॉर्क, हाइजमन सोहळा]

वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला मिळणारा हाइजमन करंडकही हुकला. तो गेला कोलोरॅडोच्या ट्रॅव्हिस हंटरकडे, जो आक्रमण आणि बचाव दोन्ही बाजूंनी पूर्ण वेळ खेळत होता. मतांची बेरीज २,२३१ विरुद्ध २,०१७. हंटरनं केलं ते आधुनिक काळात कोणी केलेलं नाही, हे मान्य. तरीही माझं मत जेंटीलाच गेलं असतं. हंटर नसता तर कोलोरॅडो दुबळा झाला असता. जेंटी नसता तर बॉयसी स्टेट प्लेऑफच्या आसपासही दिसला नसता. २०१५ च्या डेरिक हेन्रीनंतर एकाही रनिंग बॅकला हा करंडक मिळालेला नाही. सर्वोत्तम रनिंग बॅकचा डोक वॉकर पुरस्कार आणि मॅक्सवेल पुरस्कार मात्र जेंटीनं घरी नेले.

[दृश्य: एप्रिल २०२५, ग्रीन बे, एनएफएलचा ड्राफ्ट]

व्यावसायिक फुटबॉलमध्ये रनिंग बॅकचा भाव बरीच वर्षं पडलेला होता. ड्राफ्ट म्हणजे व्यावसायिक संघांनी कॉलेजातल्या खेळाडूंची आळीपाळीनं केलेली निवड. २०१३ आणि २०१४ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत एकही रनिंग बॅक निवडला गेला नव्हता. कारण उघड आहे. या जागेवर शरीर लवकर झिजतं, आणि मालक म्हणतात, झिजणाऱ्या शरीरावर पैसा कशाला लावायचा? मग २०२४ मध्ये फिलाडेल्फियाच्या साक्वॉन बार्कलीनं २,००५ यार्ड काढले, संघानं सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, जिंकला, आणि हवा फिरली. २४ एप्रिल २०२५ ला लास व्हेगास रेडर्सनी जेंटीला सहाव्या क्रमांकावर उचललं. २०१८ मधल्या बार्कलीनंतर इतक्या वर कुठलाही रनिंग बॅक गेला नव्हता. करार चार वर्षांचा, सुमारे ३.६ कोटी डॉलरचा.

आणि मग पहिलं वर्ष कठीण गेलं. शिकागोविरुद्ध १३८ धावते यार्ड आणि तीन टचडाउन असा एक झळझळीत दिवस आला, तरी संघ एका गुणानं हरला. एरवी चेंडू हातात येईपर्यंत बचावपटू अंगावर आलेले असायचे. वर्षभरात धावते यार्ड हजारही भरले नाहीत, एका धावेमागे चार यार्डही पडले नाहीत. संघानं १७ पैकी तीन सामने जिंकले.

यावरून हा मुलगा व्यावसायिक पातळीवर चालणार नाही, असं म्हणणाऱ्यांनी चित्रफिती पुन्हा पाहाव्यात. बॉयसीत धडक तीन-चार यार्डांवर बसायची आणि तिथून तो स्वतःचे यार्ड कमवायचा. व्हेगासमध्ये ती, चेंडू जिथून सुटतो, त्या रेषेच्याही मागे बसते. पहिल्या माणसाला तो अजूनही झटकतो. फरक इतकाच, की त्यात मिळालेले दोन यार्ड आधी गमावलेले दोन यार्ड भरून काढण्यात जातात.

काळजी आहे ती वेगळी. कॉलेजात त्याच्या नावावर ७५० धावा आहेत, त्यातल्या निम्म्या एकाच हंगामातल्या. धडकेनंतर यार्ड काढणं हीच त्याची कला आहे, आणि प्रत्येक धडक शरीर लक्षात ठेवतं. झेल घेण्याची त्याची हातोटी २०२३ मध्ये सगळ्यांनी पाहिलेली आहे. त्याला कडेला मोकळ्या जागेत चेंडू मिळाला तर मार कमी बसेल आणि कारकीर्द लांबेल.

करार २०२८ च्या हंगामापर्यंत आहे, आणि पाचव्या वर्षाचा पर्याय संघाच्या हातात आहे. तोवर तो जेमतेम पंचविशीत असेल. रेडर्सनी येत्या ड्राफ्टमधल्या निवडी आणि पैसा आधी त्याच्या पुढच्या पाच जणांवर, म्हणजे लाइनवर, खर्च करायला हवा.