पलंगाखालचे गठ्ठे

(दृश्य: वडसा, जिल्हा गडचिरोली. संध्याकाळ. नाटक मंडळांच्या पाट्या, खाली तारखा ठरवायला आलेली गावोगावची माणसं.)

दिवाळी झाली, धान घरात आलं, की पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत नाटकं लागतात. रात्री उशिरा पडदा उघडतो, पहाटे पडतो. या नाटकांवर, त्याआधीच्या दंडार या लोकनाट्यावर इथल्या एका सरांनी वीस वर्षं घातली. सर कॉलेजात मराठी शिकवतात. पुस्तक निघालं, पाचशे प्रती. निम्म्या अजून पलंगाखाली. गठ्ठ्याची सुतळी सोडली की वाळवीची माती सांडते.

"सर, हे नेटवर सगळ्यांसाठी खुलं का करत नाही?"

"फुकट टाकलं की किंमत जाते," म्हणत सर सुतळी पुन्हा बांधायला घेतात.

हा कंजूषपणा नव्हे. प्रमोशनसाठी पेपर लागत, आणि फोनवर मेसेज येत: पैसे भरा, आठ दिवसांत छापून देतो, आयएसएसएन या नियतकालिकाच्या नंबरासकट. कित्येकांनी भरले. तेव्हापासून स्टाफरूममध्ये ओपन ॲक्सेस, म्हणजे नेटवर खुलं ठेवलेलं संशोधन, हा पैसे देऊन छापलेला माल ठरला. ओपन ॲक्सेसच्या २००२ च्या बुडापेस्ट जाहीरनाम्याचं मागणं मात्र असं होतं, की संशोधन वाचणाऱ्याला मोफत मिळावं, उतरवून घेता यावं, वाटता यावं. लेखकाने पैसे भरणं हा खर्च भागवायचा एक मार्ग झाला. विज्ञानवाल्यांचे हे पैसे बरेचदा प्रकल्पातून निघतात; मराठी विभागात कसला आलाय प्रकल्प! म्हणून भाषा-इतिहासासारख्या विषयांची जर्नलं काढणारी 'ओपन लायब्ररी ऑफ ह्युमॅनिटीज' लेखकाकडून काही घेत नाही, खर्च ग्रंथालयं वाटून उचलतात.

दुसरी भीती चोरीची. यूजीसीच्या २००९ च्या नियमानंतर प्रबंध 'शोधगंगा' या नेटवरच्या खुल्या संग्रहात जाऊ लागले, तेव्हाही हीच कुजबुज होती. आम्हाला उलटं वाटतं. कपाटातल्या प्रबंधातून उचललेलं कोण पकडणार?

२०२४ च्या नोव्हेंबरात केंद्राने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'साठी, म्हणजे संशोधनाच्या जर्नलांची देशभराची एकत्र वर्गणी भरायला, ६,००० कोटी मंजूर केले. जर्नलं उघडली, पण ती सरकारी संस्थांमधल्यांना. दंडारीत सोंग घेणारा त्यात कुठे बसतो?

(दृश्य: सरांची पडवी.)

असेच एक बाबा सरांकडे आलेत, नातवाला घेऊन.

"आमच्यावर लिवलं म्हणता सर, मंग वाचाले कुठं भेटते?"

सर काही बोलत नाहीत. गठ्ठ्यातून एक प्रत काढतात, झटकतात, बाबांच्या हातात देतात. नातू मोबाइल काढून बाबांच्या फोटोचं पान टिपतो. मग पुढचं. मग त्याच्या पुढचं.

पान वाऱ्याने उलटतंय. सर ते बोटाने दाबून धरतात.