मिरगाआधीची औषधं

[दृश्य: खानापूरची बाजारपेठ, मे महिन्यातली सकाळ. मेडिकलचं शटर वर जातं.]

मलप्रभा कणकुंबीला उगम पावते आणि खानापूरला लागून पूर्वेकडे जाते. वरच्या अंगाला घाटमाथ्याचं जंगल, भातशेती, काजूच्या बागा आणि मराठी बोलणारी गावं. खालच्या अंगाला बिडी, इटगी, कक्केरी ही कन्नड बोलणारी गावं. दोन्हीकडचा आजारी माणूस आधी खानापुरात उतरतो. इथं भागलं नाही तर बेळगाव, आणखी पंचवीसेक किलोमीटर.

त्या माणसाला परतीच्या बसआधी औषध द्यायचं, ते कसं घ्यायचं हे समजावायचं आणि समजलंय याची खात्री करायची, हे काम या दुकानात गेली चाळीसेक वर्षं चाललंय. काउंटरवरचे गृहस्थ डी. फार्म. झालेले नोंदणीकृत फार्मासिस्ट. गाव त्यांना काका म्हणतं. जंगलाकडची माणसं ‘डॉक्टर’ म्हणतात, ते त्यांना आवडत नाही. “डॉक्टर तिकडं सरकारी दवाखान्यात हाईत. मी औषधवाला,” असं ते दर वेळी सांगतात. पडद्यावर नाव घालू नका, एवढी एकच अट त्यांनी घातली होती. ती आम्ही पाळली आहे.

[दृश्य: काकांचे हात, कात्री, गोळ्यांची पट्टी. अगदी जवळून.]

हे नीट बघा. दहा गोळ्यांची पट्टी आहे आणि आजींना आज सहाच परवडतात. बॅच नंबर आणि मुदत पट्टीच्या एकाच कडेला छापलेली आहे. काका दुसऱ्या टोकाकडून कापतात, म्हणजे छापलेली कड उरलेल्या चार गोळ्यांसोबत दुकानात राहते. नाहीतर त्या चार गोळ्या कधीच्या, हे पुढच्या गिऱ्हाइकाला सांगता येणार नाही. मग जे आजींसोबत गेलं नाही, ते कागदी पाकिटावर उतरतं: औषधाचं नाव, कशासाठी आहे, मुदत कधीपर्यंत. त्याखाली मोठ्या अक्षरात, ‘सकाळी जेवून एक, रात्री जेवून एक’. दवाखान्याची फाईल इंग्रजीत, घरातले सरकारी कागद कन्नडमध्ये आणि आजी शिकल्यात मराठी चौथी. या सगळ्या आजारपणात त्यांना स्वतःला वाचता येईल असा कागद म्हणजे हे पाकीट.

पाकीट हातात दिलं तरी सुटका नाही. “आता मला सांगा बघू, कवा घेणार?” आजी सांगतात. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. कक्केरीहून आलेल्या शेतकऱ्याला हाच प्रश्न कन्नडमध्ये, ‘ऊट आद मेले’ (जेवण झाल्यावर) दोनदा घोकून घेऊन. मागं रांग लागलेली असते, कुणाची तरी बस सुटत असते, माणसं कुरकुरतात. काका मान वर करत नाहीत. या दुकानाचं सगळं मोल त्या दोन मिनिटांत आहे, असं आम्हाला चित्रीकरणाच्या पहिल्याच दिवशी वाटलं आणि पुढंही तेच वाटत राहिलं.

[दृश्य: दुकानातला फ्रिज. नंतर कुंभाराचं चाक, मडकी.]

न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावं लागतं. वापरायला काढलेली बाटली साधारण चार आठवडे बाहेर चालते, पण फार गरम होऊन उपयोग नाही. दुकानात फ्रिज आहे, इन्व्हर्टर आहे. जंगलातल्या घरात एप्रिलच्या उन्हात काय करायचं?

इथं खानापूरची माती उपयोगी पडते. हे गाव कौलांचं आणि कुंभारकामाचं. केंद्रीय ग्रामीण कुंभारकाम संस्था इथंच आहे. काका प्रत्येक नव्या मधुमेही घराला सांगतात: मोठ्या मडक्यात लहान मडकं ठेवा, मधल्या फटीत वाळू भरा, वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडा, वर ओलं फडकं. पाणी झिरपून हवेत जाताना आतली उष्णता घेऊन जातं आणि बाटली गार राहते. फ्रिज असलेल्यांना वेगळी तंबी, “बर्फाच्या कप्प्यात ठेवू नका. गोठलं की ते औषध गेलं, परत वितळवून टोचायचं नाही.”

उधारीची वही आहे. सुगी झाली, काजूचे पैसे आले की माणसं येऊन खोडून जातात. सगळीच येतात असं नाही. त्याबद्दल काका बोलले नाहीत, आम्हीही फार विचारलं नाही.

ते बोलले न दिलेल्या औषधांबद्दल. सर्दी झाली की “ती लाल-काळी कॅप्सूल द्या दोन,” म्हणून मागणारे रोज येतात. चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक इथं मिळत नाही, आणि दोन तर नाहीच. १ मार्च २०१४ पासून बऱ्याच अँटिबायोटिक्सना शेड्यूल एच-१ ही औषध नियमांतली कडक यादी लागू झाली. कुणी लिहिलं, कुणाला दिलं, किती दिलं, याची वेगळी नोंदवही ठेवायची आणि ती तीन वर्षं सांभाळायची. काकांच्या वह्या त्याहून जुन्या सापडल्या, कव्हर घातलेल्या. “दुसरीकडं मिळतंय की,” म्हणत माणूस पायरी उतरतो. काका जाऊ देतात. अर्धवट घेतलेल्या औषधानं जंतू निर्ढावतात आणि पुढच्या वेळी त्याच माणसाला ते औषध लागू पडत नाही, हे त्यांनी याच काउंटरवरून पाहिलंय.

खोकला दोन आठवड्यांवर गेला असेल तर ते खोकल्याची बाटलीही देत नाहीत, सरकारी दवाखान्यात थुंकी तपासायला पाठवतात. क्षयरोगाची औषधं तिथं फुकट मिळतात आणि साधारण सहा महिने न चुकता घ्यावी लागतात. भातलावणीत साप चावलेला माणूस दारात आला तर एकच वाक्य: “इथं थांबू नका.” नाग, मण्यार, घोणस, फुरसं, या चारींच्या विषावरचं इंजेक्शन दवाखान्यात आहे, तिथंच जायचं.

[दृश्य: दुपार. काकू डबा घेऊन येतात. आतल्या बाकावर दोन बायका.]

बायकी दुखणं पुरुषाला सांगायला जीभ रेटत नाही. त्या काकूंशी बोलतात. काकू औषध देत नाहीत, तो अधिकार फार्मासिस्टचाच. त्या ऐकून घेतात, लोहाच्या गोळ्या बंद का केल्या ते काढून घेतात, गरज असेल तिला डॉक्टरकडं स्वतः नेतात.

काकांना तरुणपणी पुण्यात औषध कंपनीत नोकरी लागली होती. थोरले भाऊ अचानक गेले, मागं वहिनी आणि दोन लहान मुलं. काका नोकरी सोडून आले. पुतण्यांची शिक्षणं आधी झाली, स्वतःचं लग्न नंतर. वहिनी आजही त्याच घरात आहेत आणि त्यांच्या रक्तदाबाचं पाकीटही आजींच्या पाकिटासारखंच लिहिलेलं असतं.

१ नोव्हेंबर १९५६ ला हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. त्याचं दुःख इथल्या मराठी घरांत अजून ताजं आहे, काकांच्याही. दर वर्षी काळा दिन येतो, बंद होतात. पण बंद कुणाचाही असो, हे शटर उघडं राहिलंय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मलप्रभेला पूर आला तेव्हाही. २०२० च्या लॉकडाउनमध्ये गोव्यात कामाला गेलेली पोरं चोर्ला घाटाच्या पलीकडं अडकली होती. त्यांचे फोन यायचे, “काका, आईच्या गोळ्या संपल्या असतील.” दूध घालणाऱ्यांच्या, रेशन पोचवणाऱ्यांच्या हातून पाकिटं गावोगाव गेली.

[दृश्य: काउंटरवर मुलगी. समोर वही, कानाला फोन.]

मुलगी बेळगावला फार्मसी शिकून दोन वर्षांपूर्वी दुकानात बसायला लागली. मे महिन्यातलं सगळ्यात मोठं काम आता तिच्याकडं आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात मिरग निघतो आणि पावसानं जोर धरला की आमगाव, गवाळी, कोंगळा या बाजूचे ओढे रस्ता अडवतात. आजाऱ्याला बांबूला घोंगडं बांधून खांद्यावरून आणावं लागतं. तेव्हा फिट्सच्या, हृदयाच्या, दम्याच्या माणसांकडं पावसाळ्यापुरती औषधं आधीच घरात हवीत. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती देता येत नाहीत, म्हणून ती आधी एकेकाला दवाखान्यात पाठवते, मग गोळ्या मागवून ठेवते. फिट्सच्या गोळीचा ब्रँड बदलू नये यासाठी एजन्सीशी भांडते. ते भांडण आम्ही ऐकलं आणि आम्हाला मनापासून बरं वाटलं.

आज तिच्या वहीत अजून चार घरं बाकी आहेत. एका घरचा फोन लागत नाही, म्हणून तिनं म्हापशाला नातवाला लावलाय. “अरे, आज्जीची चिठ्ठी जुनी झालीय, चालायची न्हाई. शनिवारी तिला सरकारी दवाखान्यात आण, साडेदहाच्या आत. नंबर मी लावून ठेवते. आणि येताना मागच्या पट्ट्या घेऊन ये, रिकाम्या असल्या तरी. किती चुकल्यात ते मला बघायचंय.”