साखळ्यांना तेल घाला, सरदार!

नमस्कार, श्रोतेहो.

मध्यरात्रीची वेळ. वाड्यात साखळ्या खळखळतात. घरमालक सपाता सरकवून दार उघडतो, तर समोर निखाऱ्यासारख्या डोळ्यांचं भूत! आणि हा गृहस्थ म्हणतो काय, तर साखळ्या फार वाजतात बुवा, ही वंगणाची बाटली घ्या.

ऑस्कर वाइल्डची ही १८८७ सालची गोष्ट, ‘द कँटरव्हिल घोस्ट’. इंग्लंडमधला जुना वाडा अमेरिकन राजदूत विकत घेतो, भुतासकट. हे भूत म्हणजे सर सायमन. त्यानं १५७५ मध्ये बायकोला मारलं, त्या रक्ताचा डाग फरशीवर आहे. राजदूताचा थोरला मुलगा तो डागनाशकानं पुसतो, भूत रात्री पुन्हा रंगवतं. तेही राजदूताच्या मुलीचे, व्हर्जिनियाचे रंग चोरून! तांबडे संपले, मग एके दिवशी डाग चक्क पाचूसारखा हिरवा.

या गोष्टीवर सोव्हिएत संगीतकार अलेक्झांडर क्नायफेल यांनी १९६५-६६ मध्ये लेनिनग्राडला, आजच्या सेंट पीटर्सबर्गला, चेंबर ऑपेरा लिहिला. म्हणजे गाऊन सादर करायचं नाटक, पण मोजके गायक, छोटा वाद्यवृंद. शब्द तात्याना क्रामारोव्हा यांचे. संगीतकार तेव्हा जेमतेम बावीस वर्षांचा विद्यार्थी! आधी मॉस्कोत नामवंत वादक रोस्त्रोपोविच यांच्याकडे चेलो, म्हणजे व्हायोलिनच्या जातीचं मोठं वाद्य, शिकत होता. हाताच्या दुखण्यानं ते सुटलं, म्हणून रचनेकडे वळला.

या वयात भूत म्हटलं की धमाल सुचावी. पण या गोष्टीत व्हर्जिनिया भुताला गाठते ना, तिथं सूरच बदलतो. ती रागावते, खून करणं वाईट! भूत कुरकुरतं: बायको दिसायला सुमार होती, माझ्या कॉलरींना खळ नीट घालत नसे, स्वयंपाकाचंही नावच नको. इथवर हसू येतं. मग ते हळूच सांगतं, तीनशे वर्षं मी झोपलेलो नाही. हे वाक्य मोठ्या वाद्यवृंदाच्या गदारोळात गाऊन कसं चालेल? माझ्या मते चेंबर ऑपेराचा आटोपशीरपणा नेमका इथं कामी येतो.

पुढे क्नायफेल अतिशय संथ, हळुवार संगीताकडे गेले. १९७९ मध्ये सोव्हिएत संगीतकार संघाच्या अधिवेशनात संघाचे प्रमुख ख्रेन्निकोव्ह यांनी सात जणांवर जाहीर टीका केली, त्यात त्यांचंही नाव होतं. २०२४ मध्ये बर्लिनला ते वारले.

भुताचं काय झालं? व्हर्जिनिया त्याच्यासाठी रडली, प्रार्थना केली. आणि वाड्याबाहेरचं वठलेलं बदामाचं झाड फुललं.