यंत्रापुढे उभा असलेला माणूस

श्रोतेहो, नमस्कार. मानव-संगणक आंतरक्रिया, म्हणजे माणूस संगणक कसा हाताळतो याचा अभ्यास, ही केवळ पडदा सुबक दिसावा म्हणून केलेली रंगरंगोटी आहे, असा समज ठाण्यात आणि नवी मुंबईत संगणकशास्त्र शिकणाऱ्या अनेक मुलामुलींच्या बोलण्यात मला आढळतो. तो दूर व्हावा असे मनापासून वाटते, कारण हा विषय मोजमापावर उभा आहे.

पॉल फिट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९५४ मध्ये दाखवून दिले की, हात लक्ष्यापर्यंत नेण्यास लागणारा वेळ लक्ष्याचे अंतर आणि त्याची रुंदी यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असतो. त्या वेळी माउस जन्मालाही आला नव्हता. मात्र १९७८ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या ‘पार्क’ या संशोधन केंद्रातील स्टुअर्ट कार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माउस, जॉयस्टिक आणि कळा यांची तुलना केली, तेव्हा माउस सर्वांत वेगवान ठरला आणि त्याची गती याच नियमाने समजावता आली.

नियम पुस्तकात वाचावा, पण माणूस स्थानकावर जाऊन पाहावा. ठाणे स्थानकातील तिकीट यंत्राजवळ काही वेळ थांबल्यास दिसते की, काही प्रवासी स्वतः पडदा हाताळतात, तर काही यंत्रापाशी उभ्या असलेल्या मदतनिसाकडून तिकीट घेतात. मदतनिसाच्या बोटांना पडदा पाठ झालेला असतो, त्यामुळे त्याला पायऱ्या कमी हव्या असतात. पहिल्यांदाच समोर आलेल्या आजींना मात्र प्रत्येक पायरीवर आपण कुठे आहोत, हे स्पष्ट दिसायला हवे असते. एकाच पडद्याने दोघांचे काम कसे भागवावे, हा प्रश्न कोणत्याही अल्गोरिदमइतकाच कठीण आहे, असे माझे मत आहे.

आपल्याकडे याहूनही मोठे काम मराठी लिहिण्याचे आहे. ‘स्त्री’ हे वाचणाऱ्याला एकच अक्षर दिसते, पण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात अक्षरे साठवण्याच्या प्रमाण संकेतप्रणालीत, ते सहा चिन्हांचे बनते: स, हलन्त, त, पुन्हा हलन्त, र आणि शेवटी दीर्घ ईकार. इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाण कळफलकात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला आहेत. ही रचना तर्कशुद्ध आहे, पण ती आधी शिकावी लागते. पवईच्या आयआयटीतील आयडीसी या अभिकल्प विभागात तयार झालेल्या ‘स्वरचक्र’ या फोनवरील कळफलकात व्यंजनावर बोट ठेवताच त्याभोवती बाराखडीचे चक्र उमटते. शाळेत बाराखडी गिरवलेल्या माणसाच्या स्मरणशक्तीचा असा उपयोग करणे मला फार मोलाचे वाटते.

अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी मी एक प्रश्न सुचवतो. बॅकस्पेस दाबल्यावर केवळ शेवटची वेलांटी जावी की पूर्ण जोडाक्षर जावे? दोन्ही प्रकारचे नमुने तयार करावेत आणि फोनवर क्वचितच मराठी लिहिणाऱ्या वाशी-नेरुळमधील माणसांकडून एकच मजकूर दोन्हींवर लिहून घ्यावा. निम्म्यांनी एका नमुन्याने आणि उरलेल्यांनी दुसऱ्याने सुरुवात करावी, म्हणजे सरावाचा लाभ एकाच बाजूला जाणार नाही. लागलेला वेळ आणि झालेल्या चुका नोंदवाव्यात, आणि माणूस अडखळला तर मदतीचा हात पुढे न करता तो नेमका कुठे अडखळला ते लिहून ठेवावे.