मांडव कुठं हाय?

नमस्कार श्रोतेहो.

आज एका आवाजाबद्दल बोलायचंय, आणि अडचण अशी की तो आवाज तुम्हाला ऐकवता येणार नाही. माझ्या फोनमध्ये आजीचं चार मिनिटांचं रेकॉर्डिंग आहे. त्यातली पहिली दोन मिनिटं ती सुपारी कातरतेय. मग मी म्हणतो, "आये, बोल ना एखादा धवला." अडकित्ता थांबतो. "मांडव कुठं हाय?" ती विचारते. "मांडव नाय, नवरी नाय, आन धवला कुनाला बोलू? तुझ्या फोनाला?" पुढे पुन्हा सुपारी.

बापू तिला आये म्हणायचे, म्हणून आम्ही नातवंडंही आयेच म्हणायचो. कोपरखैरण्याच्या आमच्या आगरी आळीत ती धवलारीण होती. ज्यांना हा शब्द नवा असेल त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे लग्नाचा एकेक विधी गाण्याने चालतो. तांदूळ दळायला बसलं की त्याचा धवला, मांडवाला उंबराची डहाळी आली की तिचा, हळदीचा वेगळा. तो गाऊन होत नाही तोवर विधी पुढे सरकत नाही. भटजी आले तरी ते मुहूर्तापुरते. आये सही करता येत नाही म्हणून अंगठा उठवायची, पण कुठल्या विधीला काय बोलायचं हे विचारायला अख्खी आळी तिच्याकडे यायची. बिदागी म्हणजे सूपभर तांदूळ, नारळ, एखादं लुगडं.

कॉलेजात असताना कळलं की तेराव्या शतकात महदाइसेने धवळे रचले, रुक्मिणीचं लग्न गायलं, आणि मराठीची आद्य कवयित्री म्हणून तिचं नाव घेतात. मी धावत घरी आलो. "आये, तुझा धवला सातशे वर्षांचा आहे!" ती भाकरी थापत होती. म्हणाली, "मंग? लग्ना तवा होत नव्हती काय?"

सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, 1970 साली आली. पंचाण्णव गावांच्या जमिनी नव्या शहरात गेल्या, त्यात आमची खारीतली भातशेतीही गेली. 1984च्या जानेवारीत उरणकडे आंदोलनात आपली पाच माणसं गोळीबारात गेली, तेव्हा आळीत दोन दिवस चुली पेटल्या नव्हत्या, असं ती सांगायची. गेलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड द्यायच्या योजनेच्या कागदांवर तिचाही अंगठा आहे. एवढंच ती सांगायची, त्याच्यापुढे नाही. मात्र सेक्टरचा नंबर तिने कधी तोंडातून काढला नाही. रिक्षावाल्याला ती शेताचं नाव सांगायची आणि तो बिचारा माझ्याकडे बघायचा.

मग हळदीत डीजे आला. आमच्याकडची हळद ज्यांनी ऐकलीय, म्हणजे दोन स्टेशनं पलीकडूनही, त्यांना वेगळं सांगायला नको. एका हळदीत आये सरळ त्या भिंतीएवढ्या स्पीकरांपाशी गेली आणि डीजेवाल्या पोराला म्हणाली, "तुझा झाला का मना सांग. मी बसलंय." बसली खरंच. रात्री दीडला आवाज थांबला, पाहुणे पांगले. नवरी पेंगत होती, जवळ चार-पाच बाया. आयेने सुरुवातीपासून सगळं म्हटलं, एक ओळ गाळली नाही. मी खुर्च्या उचलत होतो. तेव्हा फोन काढायचं मला सुचलं नाही. आता सुचतं.

गेल्या पावसाळ्यात, भाताची रोपं लावायच्या दिवसांत ती गेली. रोपं आता कुठली, पण तिच्या हिशेबाने ते दिवस तेच.

धवला एकटीने म्हणायचा नसतो. एक पुढे बोलते, दुसरी मागून उचलते. आयेच्या मागे बोलणारी म्हातारी तेराव्याला आली होती. मी तिला विचारलं, तुम्हाला तर सगळं येत असेल ना? ती म्हणाली, "मी मागं बोलाची रं. पुढं बोलनारी गेली."

वैशाखात चुलत बहिणीचं लग्न ठरलं. तांदूळ दळायला जातं मांडलं, म्हातारीला आणून बसवलं. तिने जात्याचा खुंटा धरला, ओठ हलवले, आवाज आला नाही. एका ओळीएवढा वेळ गेला आणि मग दुसरी ओळ मोठ्याने आली. पुन्हा ओठ, पुन्हा मागची ओळ. पुढच्या ओळी ती मनातच बोलून घेत होती. आम्ही सगळे अर्धंच गाणं ऐकत होतो आणि मधल्या जागेत नुसतं जातं घरघरत होतं.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आईने एक ओळ टाकली. चुकीची. म्हातारीने जातं थांबवलं, मान हलवली, बरोबर ओळ सांगितली. आईने पिठाचे हात पदराला पुसले आणि खुंट्याच्या दुसऱ्या बाजूला येऊन बसली.