जाळीआडचा सॉल नाझरमन

(पडद्यावर: रात्रीचा रस्ता, कृष्णधवल. लांबून कुत्र्याचं भुंकणं.)

न्यूयॉर्कमधलं ईस्ट हार्लेम. दुकानाला कुलूप लावून सॉल नाझरमन घरी निघालाय. कुठेतरी कुत्रं भुंकतं. पुढे काही पोरांनी एका मुलाला गाठलंय. ती त्याला बडवताहेत आणि तो जाळीच्या कुंपणावर चढून निसटू पाहतोय. तेवढ्यात पडद्यावर काहीतरी लखकन येऊन जातं. दुसरंच कुंपण, दुसराच कुत्रा, दुसराच जिवाच्या आकांतानं पळणारा माणूस. खरंच दिसलं की भास झाला, हे कळायच्या आत पुन्हा हार्लेम. मग पुन्हा ते कुंपण, या वेळी किंचित जास्त वेळ. मग आणखी थोडं. शेवटी नाझींची छळछावणीच सगळा पडदा व्यापते आणि हार्लेम मागे राहतं.

सॉल मात्र गाडीत बसून निघून जातो. मार खाणाऱ्या मुलाकडे तो वळूनही पाहत नाही.

हा चित्रपट आहे ‘द पॉनब्रोकर’. दिग्दर्शक सिडनी ल्युमेट. १९६४च्या बर्लिन महोत्सवात तो पहिल्यांदा दाखवला गेला आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत प्रदर्शित झाला. नाझींच्या छळछावणीतून जिवंत सुटलेल्या माणसाचं पुढचं आयुष्य कसं असतं, हे त्याच्या मनाच्या आत शिरून दाखवणाऱ्या पहिल्या अमेरिकन चित्रपटांपैकी हा एक. मूळ कादंबरी एडवर्ड लुईस वॉलंट यांची, १९६१ची. चित्रपट पाहायला ते उरले नाहीत. १९६२ साली, वयाच्या ३६व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

(पडद्यावर: दुकानाचा अंतर्भाग. तारेची जाळी, तिच्या सावल्या.)

सॉल एकेकाळी युरोपात प्राध्यापक होता. बायको, दोन मुलं, सुखाचा संसार. नाझींनी सगळं संपवलं आणि तो एकटा उरला. आता हार्लेममध्ये त्याचं गहाणवटीचं दुकान आहे. माणसं येतात, वस्तू काउंटरवर ठेवतात. कुणाचा मेणबत्तीचा स्टँड, कुणाची अंगठी, कुणाची बक्षिसात मिळालेली ढाल. बोलायला लागतात, कारण बऱ्याच जणांना पैशाइतकीच बोलण्याचीही गरज असते. सॉल वर न पाहता एक आकडा सांगतो. पटला तर ठेवा, नाहीतर उचला.

छायालेखक बोरिस कॉफमन यांनी या दुकानाचा पिंजरा केलाय. चेहऱ्यांवर सतत जाळीच्या, गजांच्या सावल्या पडतात. जाळीच्या आत गिऱ्हाईक आहे की सॉल, हे शॉटगणिक बदलत राहतं. कॉफमन स्वतः आजच्या पोलंडमधल्या बियाविस्तोकमध्ये जन्मलेले ज्यू. युद्धाच्या काळात फ्रान्स सोडून ते अमेरिकेत आले होते.

पण मला सर्वात जास्त बोलायचं आहे ते संकलनाविषयी. संकलक राल्फ रोझेनब्लम.

तोवरच्या चित्रपटांत भूतकाळ सभ्यपणे यायचा. पात्र खिडकीबाहेर पाहणार, पडदा धूसर होणार, संगीत बदलणार, मग जुनी गोष्ट सुरू. म्हणजे आठवण काढली जायची. माणूस ठरवून मागे जायचा आणि ठरवून परत यायचा. छावणीतून आलेल्या माणसाचं असं होत नाही. त्याची परवानगी कुणी घेत नाही. एखादा आवाज, हाताची एखादी हालचाल पुरते आणि ते सगळं चालू क्षणात घुसतं. म्हणून ल्युमेट आणि रोझेनब्लम यांनी आठवणींचे अगदी बारीक तुकडे कापले. सेकंदाला २४ फ्रेम्स धावतात, त्यांतल्या मोजक्या फ्रेम्स. डोळ्याला पुरतं दिसणार नाही, पण मनाला टोचेल, इतकंच. मग तोच तुकडा परत, थोडा लांबवून. फ्रान्समध्ये दिग्दर्शक आलँ रेने यांनी १९५९ सालीच भूतकाळाचे असे अचानक तुकडे वापरले होते. पण रोझेनब्लम यांच्या कात्रीत सॉलची धडपडही दिसते. आठवण आत येऊ पाहते, तो तिला बाहेर ढकलतो. ती पुन्हा येते. पुन्हा ढकलतो. ज्या दिवशी त्याची ताकद कमी पडते, त्या दिवशी शॉट लांबतो.

एक गरोदर तरुणी अंगठी विकायला येते. सॉल तिचा हात पाहतो आणि काटेरी तारेवर ठेवलेल्या हातांची रांग दिसते. एक सैनिक त्या हातांतून अंगठ्या काढून घेतोय. दुसऱ्या प्रसंगी सॉल सबवेच्या डब्यात उभा आहे. भोवतीचे दमलेले प्रवासी बघता बघता जनावरांसारखे मालगाडीत कोंबलेले कैदी होतात. त्या गर्दीत त्याच्या खांद्यावर त्याचं मूल आहे. मुलाला सांभाळता सांभाळता त्याचे हात थकत चालले आहेत. पुढे काय झालं, ते आपल्याला कळतं. मला तो प्रसंग सलग पाहवत नाही.

(पडद्यावर: साठच्या दशकातल्या न्यूयॉर्कची जुनी छायाचित्रं.)

या चित्रपटाचा काळ लक्षात घ्यायला हवा. युद्धानंतरच्या काही वर्षांत होलोकॉस्टमधून, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारातून, वाचलेले सुमारे १ लाख ४० हजार लोक अमेरिकेत आले. नवा देश, नवी भाषा, नवं काम. झालं ते विसरा, पुढे चला, हा सल्ला त्यांना प्रेमानंही मिळाला आणि कंटाळूनही. १९६१मध्ये जेरुसलेमला या संहाराच्या सूत्रधारांपैकी एक, नाझी अधिकारी आइशमन याच्यावर खटला चालला. तिथे शंभराहून अधिक साक्षीदार बोलले, तेव्हा कुठे जगानं त्यांचं म्हणणं नीट कान देऊन ऐकलं.

आणि डॉक्टर? पश्चिम जर्मनीनं १९५०च्या दशकात नुकसानभरपाईचा कायदा केला. आपलं आजारपण छळातूनच आलंय, हे अर्जदारानं सिद्ध करायचं. हाड मोडलेलं असेल तर ते दाखवता यायचं. पण झोप लागत नाही, दारावर थाप पडली की अंगाला घाम सुटतो, मुलाला जवळ घेताना काहीच वाटत नाही, हे कोणत्या क्ष-किरणात दिसणार? तपासणारे अनेक मानसोपचारतज्ज्ञ लिहायचे की हा स्वभावदोष आहे, उपजत आहे. छावणीत सगळं कुटुंब गमावलेल्या माणसाला हे कागदावर लिहून मिळत होतं. ही दुसरी क्रूरता होती, असं मला वाटतं.

त्याविरुद्ध लढले तेही डॉक्टरच. जर्मनीतून निसटून न्यूयॉर्कला आलेले मनोविश्लेषक विल्यम नीडरलँड यांनी अशा अनेक अर्जदारांना तपासलं. त्यांच्यात वारंवार दिसणाऱ्या लक्षणांचा एक गट मांडला. दुःस्वप्नं, सतत दाटलेली भीती, भावनांचं बधिरपण आणि ‘मी का वाचलो?’ हा अपराधगंड. ऑस्लोचे लिओ आइटिंगर आणि डेट्रॉइटचे हेन्री क्रिस्टल हे तर स्वतः ऑशविट्झच्या छावणीतून वाचलेले. आघातोत्तर मानसिक विकाराला (पीटीएसडी) अमेरिकन मानसोपचाराच्या अधिकृत ग्रंथात नाव मिळालं १९८० साली. सॉल नाझरमन पडद्यावर येऊन तोवर १६ वर्षं झाली होती.

(पडद्यावर: रॉड स्टायगर यांचा चेहरा, जवळून.)

सॉलची भूमिका केली रॉड स्टायगर यांनी. तेव्हा त्यांनी चाळिशीही ओलांडली नव्हती. त्यांचं मोठेपण हे की ते आपली सहानुभूती मागत नाहीत. सॉल तुसडा आहे. हार्लेमच्या गोरगरिबांविषयी तो इतकं घाणेरडं बोलतो की ऐकवत नाही. मॅरिलिन ही एकटी, भली बाई मैत्रीचा हात पुढे करते. तो तिच्या घरी जातो, थोडं बोलतो, पण तिनं खरोखरच पुढे केलेला हात धरत नाही. दुकानातला तरुण नोकर हेसूस ऑर्टीझ त्याला गुरू मानतो. सॉलच्या हातावर छावणीत गोंदलेला आकडा बघून त्या पोराला वाटतं, ही कुठल्यातरी गुप्त मंडळाची खूण असावी, आपल्यालाही त्यात घेतील का? पुढे सॉल या मुलाला तोंडावर सांगतो की तू माझ्या लेखी कुणीही नाहीस. त्या दुखावलेपणातूनच शेवटची दुर्घटना घडते.

दुःखानं माणूस उजळून निघतो, असं आपल्याला मानायला आवडतं. खूप सोसलेला माणूस शहाणा, क्षमाशील झाला असणार, असं आपण गृहीत धरतो. या चित्रपटानं तसं केलं नाही, म्हणून मला तो प्रामाणिक वाटतो. सोसलेला माणूस कठोर झाला, तर त्याचं सोसणं खोटं ठरत नाही.

सगळंच मला पटतं असं नाही. हार्लेमचं दारिद्र्य आणि नाझी छावणी शेजारी शेजारी ठेवल्यावर तुलना होतेच, आणि ती कुणालाच न्याय देत नाही. हार्लेमची बरीच माणसं सॉलच्या कहाणीपुरतीच येतात. हेसूस म्हणजे येशू; येशूचं नाव असलेल्या मुलाचं रक्त सांडून ज्यू माणसाला जाग यावी, ही योजनाही मला खटकते. चित्रपटातल्या नग्नतेवरून तेव्हा गदारोळ झाला. अमेरिकेतल्या सेन्सॉर संहितेला १९६५मध्ये अपवाद करावा लागला. पण त्या प्रसंगात उत्तेजक काहीही नाही. समोरची मुलगी पैशासाठी कपडे उतरवते आणि सॉलला छावणीत सैनिकांपुढे टाकलेली आपली बायको दिसते.

शेवटी दुकानात दरोडा पडतो आणि सॉलवर झाडलेली गोळी हेसूस झेलतो. रस्त्यावर त्याच्याजवळ बसलेला सॉल तोंड वासून ओरडतो, पण आवाज फुटत नाही. ही कल्पना पिकासोच्या ‘गेर्निका’ या युद्धचित्रातल्या चेहऱ्यांवरून सुचली, असं स्टायगर सांगत. मग सॉल आत येतो आणि पावत्या टोचून ठेवायच्या टोकदार सळईवर आपला तळहात दाबतो. इतकी वर्षं ज्याला काही जाणवत नव्हतं, त्याला आता दुखतंय. याला बरं होणं म्हणायचं का? चित्रपट उत्तर देत नाही.

स्टायगर यांना या भूमिकेसाठी बर्लिन महोत्सवात रौप्य अस्वल हा अभिनयाचा पुरस्कार मिळाला, पुढे ऑस्करचं नामांकनही. चर्चा होते ती त्यांचीच. पण तुम्ही हा चित्रपट पाहाल तेव्हा टेसीच्या खोलीतले छोटे प्रसंग निसटू देऊ नका. टेसीही छावणीतून वाचलेली. सॉल तिला पैसे देतो, तिच्याकडे जातो, पण दोघांनाही एकमेकांचा आधार होत नाही. तिचे आजारी वडील मेंडेल सॉलला सुनावतात की तू जिवंत आहेस, पण तुझ्यात जीव नाही. त्या म्हाताऱ्याचंही सगळं गेलंय, तरी तो अजून रागावू शकतो, रडू शकतो. मेंडेलची भूमिका केली आहे बारूख ल्युमेट यांनी. यिद्दिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेतल्या, रंगभूमीचे नट आणि दिग्दर्शकाचे वडील. मेंडेल गेल्याचा फोन दुकानात येतो, तेव्हा सॉल दोन कोरडे शब्द बोलून रिसीव्हर ठेवतो. त्याच्या समोर गिऱ्हाईक उभं असतं.